पंखा दिसता कामा नये

आमच्या ह्यांनी सगळी नोकरी बंगळुरात लढाऊ विमानाच्या इंजिनावर काढली आणि निवृत्त होऊन गिरगावातल्या आमच्या वाडीत परतले. इंजिन मात्र अजून विमानात बसलेलं नाही. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे हे दूध आणायला निघाले तरी कुणीतरी विचारायचंच, "काय काका, झालं का इंजिन?" हे हसायचे आणि घरी येऊन पेपरची पानं जरा जास्तच जोरात उलटायचे. मीही काही कमी नाही. कुकरची शिट्टी रखडली की मी म्हणते, "तुमच्याच लोकांनी बनवलाय वाटतं."

यंदा मंडळाने गणपतीला रडारला न सापडणाऱ्या विमानाचा देखावा ठरवला, आणि सल्लागार कोण, तर काका. ह्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. आपण एवढी वर्षं तिथे माशा मारत नव्हतो, हे त्यांना वाडीला एकदा दाखवायचं होतं.

पुठ्ठ्याचं विमान, पोटात मोठा पंखा. तोंडातून हवा ओढायची आणि शेपटाकडून चमकीच्या झिरमिळ्या उडवायच्या, असा बेत. मंडळाचे सेक्रेटरी बँकेतले, घाईचे गृहस्थ. म्हणाले, "तोंडापासून पंख्यापर्यंत सरळ पाइप टाकू ना काका."

"छे! समोरून पंखा दिसला की रडारला विमान सापडलंच. नळी वाकडीच हवी."

"अहो, रडार कशाला येतंय आपल्या गणपतीला?"

पण हे हटून बसले. नळी वाकडी झाली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सगळी वाडी जमली. बटण दाबल्यावर पंखा थरथरला, घरघरला, आणि झिरमिळ्या ओल्या रुमालासारख्या लोंबत राहिल्या. वळणामुळे हवा पंख्याच्या एका अंगाला जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी येत होती. "काका, हेपण नाही झालं?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मोदकाला हात लावला नाही. माझ्या मोदकाला, म्हणजे प्रकरण गंभीर.

त्या दिवशी दुपारभर सेक्रेटरी, पंखा लपवूनही चालवून दाखवायचाच म्हणून, नळीत डोकं घालून बसले होते. पंखा नीट फिरला की समोरून दिसायचा, लपवला की पुन्हा घरघर. संध्याकाळी दर्शनाला आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "एवढं विमान केलंत, साधा पंखा जमला नाही?"

"साधा?" सेक्रेटरी उसळले. "समोरून दिसू द्यायचा नाही आणि हवा मात्र पोटभर पाहिजे. खऱ्या विमानात तर मागून निघणारी उष्णताही लपवायची. करून बघा घरी!"

मग घाम पुसत ते ह्यांच्याजवळ आले. "काका, माझं एका दुपारीतच डोकं फिरलं. तुम्ही एवढी वर्षं रोज कसे जात होता हो?"

आजवर सगळ्यांनी 'कधी होणार' एवढंच विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आमचे हे सांगायला म्हणून पायरीवर बसले. आरती सुरू झाली तरी उठेनात, आणि मी कधी नव्हे ते त्यांना उठवलं नाही.