टीएसएच का वाढला नाही?

तिसऱ्यांदा नमुना मशीनला लावला, तरी आकडे तेच आले. टी-फोर फारच कमी आणि टीएसएच नॉर्मल. मला काही सुचेना.

नंदुरबारच्या एका लॅबमध्ये मी पॅथॉलॉजिस्ट आहे. थायरॉइडचे रिपोर्ट रोजचेच. गळ्यातली ही ग्रंथी टी-फोर नावाचं हार्मोन बनवते. ते कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि थायरॉइडला कामाला लावते. म्हणजे इथे टीएसएच वाढलेला हवा होता.

पेशंट कोरीट गावची सुनीता, सत्तावीस वर्षांची. सतत थकवा, भर उन्हातही थंडी. आधी वाटलं, तपासणीचं किट खराब असेल. कंट्रोल लावला, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो नमुना. तो बरोबर आला. मग वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा रक्त घेतलं. तेच.

तिच्या फिजिशियनचा फोन आला. "रिपोर्ट कुठे अडकलाय? टी-फोर कमी आहे ना? थायरॉइडची गोळी सुरू करतो."

"सर, थोडं थांबा. टीएसएच जुळत नाहीये."

"मग चूक कुठे आहे?"

"तेच कळत नाहीये."

सुनीता बाहेर बाकावर डोळे मिटून बसली होती. शेजारी सासू. मी विचारलं, "मावशी, हे कधीपासून?"

"बाळंतपण झायं तवयपासून. दोन वरीस व्हई ग्यात. आम्ही तिले आळशी म्हनूत."

"बाळंतपणात काही त्रास?"

"रक्त भलतं गयं. तीन बाटल्या लागन्यात. पोरले पाजाले दूधच उनं नही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाळी बी नही उनी."

अंगावर दूध आलं नाही, पाळीही आली नाही, आणि दोन्ही पिट्युटरीच्याच हातात. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बाळंतपणात फार रक्त गेलं, तर पिट्युटरीच निकामी होऊ शकते. थायरॉइड बिचारी ठीक होती, तिला हुकूमच मिळत नव्हता.

मी लगेच फोन लावला. "सर, गोळी आत्ता नको. आधी कॉर्टिसॉल बघू."

शरीराला ताण पेलायला लागणारं कॉर्टिसॉल हे हार्मोनही पिट्युटरीच्याच हुकमावर बनतं. ते कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली, तर जिवावर बेतू शकतं. सुनीताचं कॉर्टिसॉल अगदी तळाला होतं. तिला आधी कॉर्टिसॉलची जागा घेणारं स्टेरॉइड दिलं, गोळी नंतर. सुरतेला एमआरआय झाला, त्यातही पिट्युटरी आक्रसलेलीच दिसली.

तीन महिन्यांनी ती एसटीने एकटीच तपासणीला आली. औषधं मात्र आता जन्मभराची.

आकडे जुळत नसतील तर मशीन जरूर तपासावं. पण बाकावरच्या माणसांना चार प्रश्न विचारायला कुठलंही किट लागत नाही.