सहा मिनिटं

डेपोत त्यांना सगळे ठोकेमामा म्हणत. सकाळची पहिली, पाच पन्नासची एसटी बावीस वर्षं तेच चालवत होते. ती घड्याळाच्या ठोक्याला सुटायची आणि ठोक्याला शहरात पोचायची. मामांच्या हॉर्नवर लोक घड्याळं लावतात, असं कंडक्टर गमतीनं सांगायचा. मामा हसण्यावारी न्यायचे, पण मनातून सुखावायचे.

त्यांच्या एकुलत्या मुलीला शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला. घराबाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी एक शिष्यवृत्ती होती. तीत वसतिगृहाची खोली आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. मार्क भरपूर होते, दाखले सगळे जोडलेले होते. तरी दोन आठवड्यांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत एकच शब्द होता: अपात्र.

मामा रजा टाकून कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी नियमांचं पान काचेकडे फिरवलं.

"घर ते कॉलेज दीड तासापेक्षा जास्त लागायला हवं. तुमच्याकडची गाडी वेळापत्रकात पंच्याऐंशी मिनिटांची आहे. म्हणजे रोज ये-जा होऊ शकते, असं धरतात."

मामांचं घर थांब्यासमोर आणि कॉलेज स्टँडला लागून. बोलायला जागाच नव्हती.

"गाडी खरंतर उशिरा पोचत असेल," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तर डेपोतून महिनाभराच्या नोंदी आणा. फेरतपासणी होते. ड्रायव्हरलाच विचारा की, तो सांगेल."

मामांनी मान हलवली आणि कागद घेऊन बाहेर आले.

डेपोतल्या टाइमकीपरनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो मामा, सहा मिनिटांचा तर प्रश्न! वाटेत कुठं थांबा. तुम्हाला कोण विचारणार आहे?"

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या वळणावर मामांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून चाकाकडे बघत उभे राहिले. आत कुणी कुरकुर केली नाही. मामांनी थांबवली म्हणजे कारण असणारच, असं एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता. ते मामांना खिडकीतून ऐकू आलं.

शहरात स्टँडसमोर कापडाची गिरणी होती. तिथं कामाला असलेल्या चौघी गाडीतून उतरून तिकडे धावत सुटल्या. दोघी आत शिरल्या. उरलेल्या दोघींच्या तोंडावर फाटक बंद झालं. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिले.

नोंदवहीत त्यांनी सात एकवीस लिहिलं, आणि पुढं कारण लिहिलं: चालकाने गाडी विनाकारण थांबवली.

"हे काय लिहिलंत?" टाइमकीपर ओरडला.

"झालं ते लिहिलं. उद्यापासून नाही जमायचं मला."

घरी त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती.

"एकोणतीस दिवस राहिले होते, बाबा."

"माहीत आहे."

"सगळ्यांना वेळेवर पोचवता. मीच तेवढी राहिले."



ते वर्ष मुलीनं त्यांच्याच गाडीनं ये-जा केली. पावणेपाचला उठायची, चालकाच्या मागच्या सीटवर बसायची, मांडीवर पुस्तक घ्यायची. बोलणं कामापुरतंच. आरशात तिची मान काचेवर कलंडलेली दिसली की मामा खड्ड्यांतून गाडी हळू काढायचे आणि सपाटीला वेळ भरून काढायचे. परीक्षेत तिचा एक विषय राहिला. निकाल बघून मामा मागच्या अंगणात जाऊन बसले. "त्या विषयात मी नापास झालोय," ते बायकोला म्हणाले.

दुसऱ्या वर्षी रुग्णालयात सकाळी सातची ड्युटी लागली. आता मुलीनं नियमांची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. पहिली गाडी पोचण्याआधीच प्रशिक्षण सुरू होत असेल, तर प्रवासाची वेळ बघत नाहीत, असं एक कलम शेवटून दुसऱ्या पानावर होतं. ती एकटीच खिडकीवर गेली आणि येताना फॉर्म घेऊन आली.

"इथं सही हवी."

"पालक म्हणून?"

"ती आईनं केली. ही चालकाची. गाडी सव्वासातच्या आधी पोचत नाही, एवढंच लिहायचं."

मामांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

पंधरा दिवसांत मंजुरी आली. सुट्टीच्या दिवशी आईबाबा दोघंही तिला पोचवायला गेले. पत्र्याची पेटी मामांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत एकट्यानं चढवली. खोलीत दोन खाटा, एक टेबल. आईनं चादर घातली.

पुढच्या रविवारी फोन आला. आईशी बोलून झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबांना दे." मग तिनं वॉर्डातल्या एका आजोबांबद्दल सांगायला घेतलं. ते तिच्याशिवाय कुणाकडूनच पट्टी बदलून घेत नव्हते. मामा अर्धा तास उभ्यानंच ऐकत होते.