अंगठ्याचा रकाना

जिवा भोये मोखाड्याकडचा. आपल्या पाड्यात सातवी पास झालेला तो पहिलाच. जव्हार संस्थान विलीन होऊन पाच वर्षं झाली, तेव्हा मुंबईच्या एका साबण कंपनीच्या साहेबाने त्याला शंभर छापील कागद दिले. घरोघर जायचं, विचारायचं, उत्तर लिहायचं. पहिला प्रश्न नावाचा, दुसरा जमिनीचा, मग साबणाचे, आणि तळाशी अंगठ्याचा रकाना.

साखरशेत गावात पहिल्याच घरच्या बाईने कागद पाहिला आणि कवाड लावून घेतलं. पुढच्या घरी म्हातारा फागू हात जोडून उभा राहिला.

"अंगाला कोणता साबण लावता?"

"तुमी सांगाल तो."

"आमचा साबण आवडतो का?"

"आवडतो, साहेब."

घरात साबणाचा तुकडाही नव्हता. तरी जिवाने 'होय' लिहिलं. म्हाताऱ्याचा अंगठा शाई लावून कागदावर टेकवला. जिवाच्या बापाने एकदा असाच अंगठा दिला होता आणि दुसऱ्या दिवशी जंगलाच्या ठेकेदाराची माणसं त्याला वेठीला घेऊन गेली होती.

बाहेर पडतो तो फागूचे दोन मुलगे समोर, हातात कोयते. थोरला माघ्या हळूच म्हणाला, "आमच्या बाचा अंगठा परत दे."

जिवाने कोयत्यांकडे पाहिलं. पळावं तर पाय उचलेनात. त्याने मुकाट्याने कागद दिला. माघ्याने तो अंगणातल्या चुलीत घातला आणि जळून राख होईस्तोवर तिथून हलला नाही.

जिवा ओट्यावर मटकन बसला. फागूची बायको बुधी त्याच्याकडे बघत होती. "तू पण भ्यालास की रं."

"घामाने सदरा भिजलाय, आई." मग त्याने सहज विचारलं, "तुम्ही कापडं कशाने धुता?"

"राखेनं. नायतर मातीनं."

"साबणाने कधी?"

"पोरीच्या लग्नात आनली व्हती. एक वडी."

बोलणं वाढत गेलं. जिवाने तिथे एक अक्षर लिहिलं नाही. गावाबाहेर आल्यावर आठवून आठवून कागद भरला. नाव, जमीन, अंगठा कोरा ठेवला. आठ दिवस तसंच केलं.

जव्हारला साहेबाने कागद उलटले. "रकाने कोरे. आणि सगळीकडे नाही, नाही, नाही."

जिवा म्हणाला, "साहेब, आधी नाव-जमीन विचारली की माणूस भितो. भ्यालेला माणूस कशालाही होय म्हणतो. असा एक होय मी लिहिला होता. तो त्यांनी जाळला."

साहेब कागद घेऊन जीपमध्ये बसून गेला.

कंपनीचा कागद जळाला, आता पोलीस येणार, हेच जिवाच्या डोक्यात. दीड महिना गाडीचा आवाज आला की तो घरामागे लपे. मग टपालाने गठ्ठा आला. नवे कागद. पहिलाच प्रश्न होता, 'कपडे कशाने धुता?' जमीन गेली होती, अंगठा गेला होता. नाव अगदी शेवटी, तेही सांगायचं असल्यास. सोबत हुकूम, की घरोघर जायचंच, शिवाय मोखाड्याच्या बाजारात बसूनही लोकांना विचारायचं.

पुढे सहा वर्षं जिवाने हेच काम केलं. अनोळखी अंगणात पाय टाकताना छाती दर वेळी धडधडायची. तो जमिनीवर बसकण मारायचा आणि आधी त्यांनाच विचारू द्यायचा: कुठला, कुणाचा, कशाला आलास.