शीड गेलं चंदनवाडीला

कमलाकांत मानकर गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. अमुक कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, मनमिळाऊ स्वभाव, मागे पत्नी आणि मुलगी. मनमिळाऊ! डोंबल मनमिळाऊ. आठ-आठ दिवस तोंड न उघडणारा माणूस तो. आणि त्या चार ओळींत समुद्राचं नावसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

ठाकुरद्वारला आमच्या इमारती समोरासमोर. मानकर म्हणजे मुंबईतलं जुनं प्रभू घराणं, कधीकाळी वाड्या-बिड्यांचे मालक. आमच्या वेळेपर्यंत उरली होती ती एक लांबलचक गॅलरी, वडिलांची कचेरी आणि ताटातली मासळी. कॉलेजात आम्ही दोघं शिडाच्या होड्या चालवायला शिकलो. दोघांचीच छोटी होडी. तो मागे सुकाणूवर, मी पुढच्या लहान शिडाच्या दोरीवर. वारा फिरायच्या आधी ह्याची मान फिरायची, देवाशपथ. "माधव, ओढ," म्हणायचा, मी ओढायचो. आमचं सगळं बोलणं एवढंच. पण त्या होडीत तो हसायचा, आणि घरी मी त्याला क्वचितच हसताना पाहिला.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई बंदरात कॉलेजच्या वयाच्या पोरांच्या शर्यती ठरल्या. कोलंबो, सिंगापूर, एडन, कुठकुठले संघ येऊन उतरले. मुंबईच्या दोन होड्या होत्या. एक कुलाब्याच्या दोघा पारशी पोरांची, दुसरी आमची. जिंकेल ती जोडी पुढच्या शर्यतींना कोलंबोला जाणार होती. कमलाकांतच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, तोवर स्वतःच्या कचेरीत त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. म्हणाले, "जिंकलास तर खुशाल जा, मी आडवा येणार नाही. हरलास तर एक तारखेपासून माझ्या शेजारच्या टेबलाला बसायचं." भाऊसाहेब शब्दाचे पक्के, दोन्ही बाजूंनी.

"ते टेबल पाहिलंयस?" कमलाकांत मला म्हणाला. "समोर नुसती भिंत आहे रे."

सरावात आमच्या होडीची डोलकाठी तडकली आणि मोठं शीड फाटलं. कमलाकांतने काठ्या, दोन्ही शिडं, दोऱ्या असं सगळंच सामान घरी आणलं, कारण त्यांच्या तळमजल्यावर सुतार गणपत राहायचा आणि वर राजलक्ष्मीआत्याचं शिलाई मशीन होतं. गणपतने काठी सांधली, आत्याने शिडाला दुहेरी टीप मारली. सामान परत न्यायचं तेवढं राहिलं, आणि मुंबई महाराष्ट्राला देणार नाही असं दिल्लीहून जाहीर झालं. झालं! गिरगाव पेटलं. दगड, अश्रुधूर, गोळीबार, आणि वर कर्फ्यू. मी मानकरांकडे गेलेलो, तिथेच सगळे कोंडले गेलो.

मराठी आम्हीही होतो, मुंबई आमचीही होती, रक्त आमचंही उसळत होतं. पण त्या वयात माणसाला एकच गोष्ट दिसते. मानकरांच्या गॅलरीतून समुद्र दिसत नव्हता, वारा मात्र यायचा. समोरचं धोतर फडफडलं की हा म्हणायचा, "वायव्येचा आहे." मग आत जायचा, काठीवरून हात फिरवायचा, परत बाहेर. खाली कोपऱ्यावर बंदुकवाले शिपाई. खिडकीत जास्त वेळ उभं राहिलं की ते खालून ओरडायचे. शिजवायला घरात डाळ आणि बटाटे, आणि ऐकायला भाऊसाहेबांच्या येरझाऱ्या. जीव नुसता गुदमरत होता.

बंदराकडे शांत होतं, शर्यत ठरल्याप्रमाणेच होणार होती. त्या दिवशी सकाळी दूध-भाजीसाठी थोडा वेळ कर्फ्यू उठवला. कमलाकांत म्हणाला, "आत्ता निघालो तर दुपारी होडीत असू." ट्राम बंद, टॅक्सीचं नाव नको, म्हणजे अपोलो बंदरापर्यंत पायीच. डोलकाठी चांगली लांब. तिच्या शेजारी शिडाची खालची काठी ठेवली, दोन्हींच्या मध्ये दोऱ्यांची जाळी बांधली, वर दोन्ही पांढरी शिडं पसरून गुंडाळली. पुढे आम्ही दोघं, मागे त्याचा थोरला भाऊ चिंतामणी आणि गणपत. चौघांच्या चार खांद्यांवर घेतलं.

आत्या जिन्यातून ओरडली, "अरे मेल्यांनो, हे काय बांधलंत? कसलं दिसतंय ते बघा तरी!"

कोण बघतोय!

कोपऱ्यावर हवालदार पुढे आला, आणि एकदम थांबला. त्याने टोपी काढली. "घरातलं कोण?" हळूच विचारलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कमलाकांतच्याही पडला असणार, कारण त्याने नुसती मान खाली घातली. खोटं बोलला नाही, बोललाच नाही. शिपाई बाजूला झाले. पुढे गेल्यावर पठ्ठ्याने मला डोळा मारला.

चिराबाजारात त्याचा डोळा मारणं अंगाशी आलं. त्या आठवड्यात गिरगावात माणसं मेली होती. अशा दिवसांत पांढऱ्या कपड्याखाली लांबट काहीतरी घेऊन चार तरणी पोरं मुकाट चाललेली दिसली, तर गिरगावकर दुसरं काय समजणार? गॅलऱ्यांतून माणसं उठून उभी राहिली. एक बाई धावत खाली आली, तुळशीची पानं शिडावर ठेवली आणि "कुणाचा गं बाई हा लेक!" म्हणून रडायला लागली. दुधाला आलेले पुरुष भांडी दुकानाच्या फळीवर ठेवून मागे चालायला लागले. वरून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. कोणीतरी दबक्या आवाजात "संयुक्त महाराष्ट्र" म्हणालं आणि बाकीच्यांनी "झालाच पाहिजे" म्हटलं.

"सांगून टाकू या रे," मी कुजबुजलो.

"धोबीतलावापर्यंत कळ काढ. तिथे पांगतील."

पांगतात कसले! मागे वळून पाहिलं तर रस्ता भरलेला. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला. सांगावं तर ही रडणारी माणसं आम्हाला जिवंत सोडणार नाहीत, आणि गप्प राहावं तर गर्दी वाढतच चाललेली. पुढे पाय टाकण्यापलीकडे हातात काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात कुशाबा नावाचे एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. तेच आता सगळं चालवत होते. "पोरांनो, विसावा," म्हणाले. वाटेत एकदा तिरडी खाली ठेवायची आणि खांदे बदलायचे, ही रीत. नाही म्हणणार कसं? खाली ठेवली. पुन्हा उचलताना लोकांनी आम्हाला बाजूला सारलं. अशा वेळी खांदा द्यायला मिळणं मोठं पुण्य, आणि मागेल त्याला नाही म्हणत नाहीत. चार अनोळखी खांदे खाली गेले, आणि पुढचा एक दांडगा माणूस उचलता उचलता हुंदका देऊन म्हणाला, "किती हलकं आहे रे लेकरू!"

मला हसू यायला हवं होतं. मी त्या काठीकडे बघत मागून चालायला लागलो.

धोबीतलाव सरळ, चंदनवाडी उजवीकडे. गर्दी उजवीकडे वळली. आमची डोलकाठी, आमचं शीड, कमलाकांतचं कोलंबो, सगळं स्मशानाकडे चाललेलं, आणि आम्ही आपले मागून धावतोय.

चंदनवाडीत तिरडी खाली ठेवली. बायका म्हणाल्या, "तोंड तरी दाखवा पोराचं." कुशाबा वाकले. आणि कमलाकांत गर्दीतून घुसून पुढे आला.

"ह्यात कोणी नाही," तो म्हणाला. "हे होडीचं शीड आहे. आज आमची शर्यत आहे."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग कुशाबांनी त्याच्या फाडकन थोबाडीत दिली. "लाज नाही वाटत?" मागून कोणीतरी ओरडलं, "चोपा साल्यांना!" चिंतामणी भावापुढे जाऊन उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही.

तेवढ्यात बाजूच्या भिंतीकडून एक बाई आली. भुलेश्वरात भाजी विकायची ती, गंगुबाई नाव. तिचा मुलगा दगडू हातगाडी गल्लीत आत घेत असताना गोळी लागून मेला होता. इस्पितळातून प्रेत त्या सकाळी ताब्यात मिळालं. तिने आणि तिच्या दिराने ते त्याच हातगाडीवरून आणलं होतं, गोणपाटाखाली. चौथा खांदा नाही, तिसरा नाही.

तिने शिडाला हात लावून पाहिलं. "शीड म्हंजी कापडच ना?" कमलाकांतला विचारलं. "दुकानं बंद हायेत. माझ्या पोराच्या अंगावर घालाया काय नाय."

मी कमलाकांतच्या कानाशी गेलो. "लहान शीड दे. मोठं ठेव. पळत सुटलो तर अजून पोहोचू."

तो हातगाडीपाशी गेला. गोणपाटाबाहेर आलेले पाय बघत उभा राहिला. आमच्याच वयाचा होता दगडू.

"लहान पुरणार नाही, माधव," म्हणाला. "उंच आहे रे तो."

आणि खाली बसून गाठी सोडायला लागला. गाठ एकही कापली नाही, सोडली. आत्याने टीप मारलेलं ते मोठं शीड दगडूभोवती दोन वेढे बसलं. मघाशी मारायला उठलेली माणसं आता त्याला खांदा द्यायला पुढे झाली. कुशाबा तर ढसाढसा रडत होते.

तोवर कर्फ्यू पुन्हा लागला. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. संध्याकाळपर्यंत आम्ही चंदनवाडीतच अडकून पडलो. आणि वारा काय सुटला होता हो त्या दुपारी! चितेचा धूर सपाट वाहत होता. कमलाकांत त्याच्याकडे बघत म्हणाला, "वायव्येचा. अस्सल." मग गुडघ्यांत डोकं घालून रडला. आम्ही जिंकलो असतो. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

शीड कुठे गेलं म्हणून संघाच्या कारभाऱ्यांनी विचारलं, तेव्हा तो "हरवलं" म्हणाला. सामान हरवणारे म्हणून आमची नावं संघातून कमी झाली. मी तणतणलो, "खरं सांग ना गाढवा!" तर म्हणे, "चौकशीला त्या बाईला बोलावतील. नको." एक तारखेला तो भाऊसाहेबांच्या शेजारच्या टेबलाला बसला, आणि निवृत्त होईपर्यंत त्या भिंतीसमोरून हलला नाही. साठ साली मुंबईसकट महाराष्ट्र झाला, गिरगावभर पणत्या लागल्या. सगळे जल्लोषात, आणि हा गॅलरीत उभा राहून ज्योती कुठे झुकतायत ते बघत होता. होडीत पुन्हा कधी बसला नाही. मी म्हणायचो, चल रे एकदा. तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी."

परवा त्याला चंदनवाडीला नेला. चिराबाजारात विसावा झाला. इमारतीतली पोरं पुढे झाली. "काका, खांदा आमच्याकडे द्या आता. तुमचं वय झालंय."

द्या म्हणे! तिथेच एकदा खांदा काढून घेऊ दिला होता लोकांना, तेवढं पुरे झालं. दम लागला, गुडघे बोलायला लागले, पोरं हळहळली. कमलाकांत चांगला जड होता. शेवटपर्यंत मी खांदा कोणाकडे सोपवला नाही.