चिखलीच्या मैदानावर वर झालेलं बोट

बुद्धभूषण आठवडाभर महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार असायचा आणि रविवारी चिखलीच्या मैदानावर अंपायर. त्या एका दिवशी लोक त्याला सर म्हणत. आजची टेनिस बॉल स्पर्धा मात्र त्याच्या चाळीच्या घरमालकाच्या मुलाच्या, कुलदीपच्या वाढदिवसाची होती. चाळीचं पाणी सोडणं-बंद करणं कुलदीपच्याच हातात होतं. अशा स्पर्धेत वाढदिवसवाल्याचा पहिला बॉल ट्रायल धरायचा, त्यावर आऊट द्यायचं नाही, अशी रीतच होती.

पहिलाच बॉल कुलदीपच्या बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला आणि सवयीनं बुद्धभूषणचं बोट वर झालं.

“काय सर, भाड्याच्या खोलीत करमंना व्हय?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

कुलदीप चिडला नाही. जवळ येऊन त्यानं बुद्धभूषणच्या खांद्यावर हात ठेवला. “बरोबर दिलं, भावा. आऊट म्हंजे आऊट.”

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं बुद्धभूषणला वाटलं. त्यानं मैदानाच्या कडेला पाहिलं. त्याची बायको मिनल लेकीला कडेवर घेऊन लगबगीनं चाळीकडे निघाली होती. कुलदीप चाळीच्या टाकीचा कॉक बंद करायच्या आत तिला घरातली सगळी भांडी भरून घ्यायची होती.