परत येणाऱ्या माणसांची कादंबरी

गावपळणीच्या सकाळी आमच्या घरातून सर्वांत आधी बाहेर पडायच्या त्या कोंबड्या. आई त्यांना आदल्या संध्याकाळीच टोपलीखाली झाकून ठेवायची, नाहीतर ऐन वेळी एखादी माडावर चढून बसल्यासारखी छपरावर जाऊन बसायची आणि सगळा गाव तिच्यासाठी खोळंबायचा. मग गाय, मग कुत्रा, मग भांडीकुंडी आणि शेवटी आम्ही. आचऱ्याच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा रामेश्वराला कौल लावतात. देवाने होकार दिला की अख्खा गाव गुरावासरांसकट वेशीबाहेर राहायला जातो. श्रीमंत, गरीब, हिंदू, मुसलमान, तापाने फणफणलेला, सगळे. माडाच्या झावळांच्या खोपी बांधून तीन रात्री बाहेर काढायच्या, मग पुन्हा देवाला विचारायचं आणि तो हो म्हणाला तरच परतायचं.

असं का करतात, याची कारणं घरटी वेगळी. कुणी पूर्वजांचं सांगतं, कुणी भुताखेतांचं. माझ्या बाबांचं कारण त्यांचं स्वतःचं होतं. दार ओढून घेताना ते म्हणायचे, "घराकय कधीतरी एकटां ऱ्हवाक होया."

बाबा मालवणला कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी गावचं वाचनालय हौसेने सांभाळायचे. मी पाचवी-सहावीत असतानाच्या गावपळणीत त्यांनी माझ्यासाठी वाचनालयातलं एक बाद पुस्तक पिशवीत टाकून आणलं. वाळवीने त्याचं मुखपृष्ठ, पहिली पानं आणि शेवटची पानं खाल्ली होती. मधलं जे उरलं होतं त्यात सुकून गेलेल्या पृथ्वीवरून माणसं एका प्रचंड यानात बसून निघाली होती. यानात शेती होती, शाळा होती, भांडणं होती. मी खोपीत पालथी पडून ते एका बैठकीत संपवलं. म्हणजे वाळवीने जिथे संपवलं होतं तिथवर. अख्खी माणूसजात घर सोडून निघते यात मला काहीच विचित्र वाटलं नाही. आम्हीही तेच करून आलो होतो, आमच्या तर कोंबड्याही बरोबर होत्या.

मी बाबांना विचारलं, ती परत इली काय? बाबा चुलीत फुंकर घालत होते. म्हणाले, येतलीच. मी म्हटलं, नाही येणार, पाणीच नाही तर कशाला येतील? त्यावर आमचं वाजलं ते वाजलंच. पुस्तकाचं नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही, शेवट वाळवीच्या पोटात. निकाल लागणार कसा?

माझं खरं जाणं झालं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात औषधांच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये मला नोकरी मिळाली. आई तोवर गेली होती. मोपा विमानतळावर बाबा मला सोडायला आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, जणू त्यांचीच मुलाखत होती. कौल लावलास काय, असं त्यांनी मला विचारलं नाही. मीही कुणाला विचारून निघाले नव्हते, ऑफर लेटर आलं आणि निघाले. काचेच्या दारापाशी एवढंच म्हणाले, "पोचलंस काय फोन कर." मग पाठ फिरवून भराभर चालायला लागले. थांबले असते तर मी रडले असते, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही गेलो ते मजेत आहोत. आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, तुम्हाला माहीत आहे की पहिला हिवाळा कसा असतो ते. दुपारी चारला काळोख, हीटरसमोर वाळत घातलेले मोजे आणि शिफ्ट संपली की बोलायला चिटपाखरू नाही. मी लायब्ररीत जायला लागले ते खरं तर तिथे ऊब असते म्हणून. तिथल्या नोरा नावाच्या बाई दर महिन्याला विज्ञान कादंबऱ्यांचं वाचकमंडळ भरवायच्या. पाटी वाचली आणि वाळवीने खाल्लेलं ते पुस्तक डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, आता हा विषय मुळातून वाचायचा. दोन-चार गाजलेली पुस्तकं चाळून सोडायचं नाही, सगळं उकरून काढायचं.

पण निवडायचं कसं? शेल्फभर पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर हेच सर्वोत्तम असल्याची ग्वाही. सुरुवातीला मी बक्षिसांचे सोनेरी शिक्के बघून पुस्तकं उचलली आणि सपाटून आपटले. त्यातली निम्मी कुठल्या तरी मालिकेचा तिसरा-चौथा भाग निघाली. मग नोराने सांगितलं की आधी कथासंग्रह वाच, ज्याची कथा मनात राहील त्याची कादंबरी घे. हे मला पटलं. जुनं एक वाचलं की नवं एक, यंत्रांचं एक वाचलं की माणसांचं एक, असं करत मी पुढे सरकले. इंग्रजीतली चव ओळखीची झाली तशी इतर भाषांतून आलेली अनुवादित पुस्तकं मागवायला लागले. मराठीतली तर मी गावाहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेतून आणवली. लोकांनी माझ्यासाठी कोकम आणि कुळथाचं पीठ कमी आणलं ते या कादंबऱ्यांपायी.

वाचकमंडळात पहिल्याच वेळी माझी फजिती झाली. त्या महिन्याच्या कादंबरीत एका कारखान्यातून विषारी वायू सुटतो आणि अख्खं शहर माणसं-जनावरांसकट रिकामं होतं. सगळे गंभीर चेहऱ्याने बोलत होते. माझी पाळी आली तेव्हा मी उत्साहाने सांगितलं की तो भाग मला सर्वांत आनंदाचा वाटला, मुलांची किती धमाल झाली असेल, पण लेखक कोंबड्यांचं लिहायला विसरलाय. नोराने घाईघाईने पुढच्याला बोलायला सांगितलं. मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. नंतर बसमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला की जगात इतर कुणासाठी रिकामं गाव ही सणाची गोष्ट नसते.

त्याच सुमारास बाबांची नजर गेली. ऑपरेशन झालं, पण मधोमध एक डाग राहिला तो राहिलाच. माणूस कडेने दिसतो, अक्षर मात्र दिसत नाही. ज्याने उभा जन्म पुस्तकांवर काढला त्याच्यावर ही पाळी. मग मी दर रविवारी फोनवर त्यांना महिन्याची कादंबरी सांगायला लागले, मालवणीतून. अंतराळातली युद्धं मालवणीतून सांगून बघा एकदा, अर्धी हवा तिथेच निघून जाते. बाबा ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "थंय रांदता कोण?" पहिल्या प्रकरणात कुणी जेवलं नाही तर ते पुस्तक त्यांच्या दृष्टीने नापास. मी हसण्यावारी नेलं, पण हळूहळू माझीही निवड त्याच कसोटीने व्हायला लागली. आणि खरं सांगते, ती कसोटी सहसा चुकली नाही. ज्याला आपल्या माणसांच्या पोटाची काळजी, त्याचं बाकीचंही जग बहुधा नीट उभं असतं.

गेल्या पावसाळ्यात बाबा विहिरीच्या पायरीवरून घसरले. शेजारच्या शालनकाकीने आवाज ऐकला म्हणून निभावलं. मी त्याच दिवशी फोनवर सांगितलं, आता पुरे, इकडे या. ते नाही म्हणाले. मी चिडले, विनवण्या केल्या, शालनकाकीकरवी बोलणी करून पाहिली. शेवटी त्यांनी एक अट घातली. म्हणाले, "ज्या पुस्तकात गेलेली माणसां परत येतत, तां पुस्तक माका सांग. मगे मी येतंय."

मला वाटलं, एवढंच ना. मी कंबर कसली. नोराला सांगितलं, मला परत येणाऱ्या माणसांची कादंबरी हवी आहे. ती म्हणाली, त्या तर खंडीभर आहेत. खंडीभर होत्याही. एकीत यान परत येतं, पण पृथ्वीवर शेकडो वर्षं उलटून गेलेली असतात, ओळखीचं कुणी नाही. बाबा म्हणाले, ह्यां परत येणां न्हय. दुसरीत गेलेल्यांची नातवंडं सैन्य घेऊन येतात. बाबा म्हणाले, ही तर धाड. तिसरीत एकटाच माणूस येतो आणि त्याला घरात करमत नाही, तो पुन्हा निघून जातो. त्या रविवारी बाबांनी नुसतं हवापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

मी हट्टाला पेटले. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, बसमध्ये वाचलं, दुसऱ्या शहरांच्या लायब्रऱ्यांतून पुस्तकं मागवली. एवढी वाचल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. या सगळ्या पुस्तकांतली माणसं कुणालाच न विचारता निघतात. पृथ्वीला कुणी सांगत नाही की आम्ही जातो, परत यायचं आहे. माझ्यासारखीच सगळी. हे कळल्यावर मी शोध थांबवला नाही, पण जरा धास्तावले. असं पुस्तकच नसलं तर? बाबा त्या विहिरीच्या पायरीवर एकटेच चढत-उतरत राहणार.

त्याच हिवाळ्यात शालनकाकीचा फोन आला. देवाने कौल दिलाय, गावपळण होणार. मी रजा टाकली आणि निघाले.

खोप आम्ही खाडीच्या पलीकडच्या काठावर बांधली, म्हणजे शालनकाकीच्या मुलांनी बांधली आणि मी झावळं धरून उभी राहिले. दिवसभर भजनं, फुगड्या, शेजारच्या खोपीतून येणारा माशाच्या कालवणाचा वास. दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर बाबा खोपीच्या तोंडाशी बसले होते. समोर पाण्यापलीकडे आमचे माड होते. त्यांना ते दिसत नव्हते, पण तोंड बरोबर तिकडे होतं.

"आपल्या वाडीत धूर दिसता?" त्यांनी विचारलं.

"नाय."

ते सहज सांगावं तसं म्हणाले, "तू येशीत तेवा दार उघडूक कोणतरी होया म्हणान मी ऱ्हवलंय."

मला आधी रागच आला. इतके महिने मी अर्ध्या आयर्लंडच्या लायब्रऱ्या पालथ्या घातल्या, आणि हा माणूस माझ्यासाठी दार सांभाळत बसला होता. मग राग कुठल्या कुठे गेला. बाबांवर माझं किती प्रेम आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी त्यांचा हात धरला आणि पलीकडे वळवला.

"बाबा, आता थंय दार उघडूक कोण आसा?"

"कोण नाय."

"तरी आपण परत जातलो मां?"

त्यांनी मला चूल पेटवायला सांगितलं. मीही विषय वाढवला नाही.

परतीचा कौल मिळाला तेव्हा ढोल वाजले आणि सगळा गाव एकदम पाण्याच्या लोंढ्यासारखा आत शिरला. आमच्या दारात पालापाचोळा पडला होता, ओट्यावर कसल्याशा पावलांचे ठसे होते. आत कोंदट वास. बाबांनी चाचपडत कडी काढली, चाचपडतच देवाकडे गेले आणि मला हात लावू न देता स्वतः दिवा लावला. मग चूल. धूर कौलांतून वर जायला लागल्यावर ते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "तिकीट काढ. जावच्याचा आणि परत येवच्याचा, दोन्ही."

निघताना त्यांनी गावपळणीची सगळी रीत पाळली. कोंबड्या शालनकाकीकडे गेल्या, घरातलं मांजर तर आपणहून आधीच तिच्याकडे गेलं होतं. चूल शेणाने सारवली. आदल्या दिवशी देवळात जाऊन आले, काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते मला सांगितलं नाही. दाराला कुलूप लावल्यावर त्यांनी त्यावर एकदा तळवा ठेवला आणि वळले.

सध्या ते इथे आहेत. माकडटोपी घालून वाचकमंडळात हीटरच्या शेजारची खुर्ची अडवतात. नोरा त्यांना चहा देते आणि ते तिला, माझ्यामार्फत, यानात जेवण कोण करतं ते विचारतात. पावसाळा सरला की परत जाणार, मीही सोडायला जाणार. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा आणीन. पूर्वी मला वाटायचं की घर म्हणजे जिथे कुणीतरी आपली वाट बघत असतं. आता वाटतं, ज्या दारातून आपण विचारून, सांगून निघालो आणि जिथे परतल्यावर आपणच दिवा लावायचा आहे, ते घर. वाट बघायला कुणी नसलं तरी ते असतं. आमचं आहे, कुलूपबंद, माडांखाली.

परवा लायब्ररीतून बसने परतताना मी त्यांना नव्या कादंबरीची गोष्ट सांगितली. तिच्यातही कुणी परतलं नाही. बाबांनी काचेतून बाहेर बघत विचारलं, तां पुस्तक अजून गावलां नाय मां? मी म्हटलं, नाही सापडलं, पण तुम्ही अट मोडून आलात, आता कशाला हवं?

"सोध," बाबा म्हणाले. "माका परत जावचा आसा. त्याआधी तां गावूक होया."