वाटप शून्य

येरवड्यातल्या एका वस्तीत शर्मिला ओव्हाळ एकोणीस वर्षं अंगणवाडी चालवते. मुलांची वजनं घ्यायची, रजिस्टरात लिहायची, सरकारी पोषण आहाराची पाकिटं घरोघरी द्यायची.

गेल्या ऑगस्टमध्ये नवं खोकं उघडलं तर कुबट वास आला. पाकिटावरची तारीख व्यवस्थित होती. शर्मिलाने एक पाकीट परातीत ओतलं. पिठाच्या गुठळ्या, जाळं, वळवळणाऱ्या अळ्या. तिने पर्यवेक्षिका चैताली मॅडमना फोन लावला.

"चाळून द्या ना," मॅडम म्हणाल्या. "शंभर टक्के वाटप दाखवायचंय."

"आपल्या घरी चाळून खाल्लं असतंत का?"

"ताई, आपलं खातं पोषणाचं. तपासणी दुसऱ्या खात्याकडे."

शर्मिला त्या दुसऱ्या खात्यात गेली. तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "आधी तुमच्या खात्याचं पत्र आणा."

परत येताना तिला राधाची दोन वर्षांची स्वराली आठवली. वर्षभरात तीनदा जुलाब, वजन किलोभर उतरलेलं. आधीची पाकिटं शर्मिलाने न उघडताच वाटली होती. रजिस्टरात खाणं किती ग्रॅम ते लिहायला रकाना होता. ते खाण्याजोगं होतं का, याला नव्हता. आणि शर्मिलाने चारचौघींत राधालाच झापलं होतं, "पोरीला खायला घालत नाहीस का गं?"

ती थेट राधाच्या दारात गेली. "तुला उगाच बोलले मी. चूक माझी."

राधा म्हणाली, "मी रोज तेच शिजवून घालत होते, ताई."

दुसऱ्या दिवशी शर्मिलाने सगळ्या आयांना बोलावून पाकिटं वर्तमानपत्रावर उघडली. बावीस जणींनी तक्रारीच्या कागदावर सह्या केल्या. रजिस्टरात तिने लिहिलं : वाटप शून्य. अळ्या आहेत. माझ्या हाताने देणार नाही.

उत्तर म्हणून तिला मेमो आला, कामात हलगर्जी केल्याबद्दल. पिठाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

तीन आठवड्यांनी चांगली पाकिटं आली. टेम्पोवाला जुनी खोकी उचलायला लागला.

"ही कुठं नेताय?"

"विश्रांतवाडीच्या अंगणवाडीत. तिथं कमी पडलीत म्हणे."

शर्मिलाने खोकी खाली उतरवायला लावली, स्वतः एकेक पाकीट कात्रीने फाडलं आणि सगळं पीठ कचरागाडीत ओतलं. त्याबद्दल दुसरा मेमो आला. त्याला तिने अजून उत्तर दिलेलं नाही.